तासिका कमी, काम मात्र संपत नाही

प्रश्न : माझ्या तासिका फार नाहीत, तरी रोज वह्यांचा गठ्ठा घरी येतो. माझंच नियोजन चुकतंय का?

बहुधा नाही. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या 2018 च्या ‘टॅलिस’ या शिक्षकांच्या सर्वेक्षणात शिक्षकांनी आठवड्याचं काम सरासरी 39 तासांच्या आसपास सांगितलं. त्यात प्रत्यक्ष शिकवणं जेमतेम 20-21 तासांचं. उरलेलं टाचण, तपासणी, बैठका, कागदपत्रं. वेळापत्रकात फक्त तासिका दिसतात, म्हणून बाकीचं काम कुणाच्या हिशेबातच येत नाही.

वह्यांपुरतं सांगायचं तर पानोपानी लाल शाईचा हट्ट सोडा. निबंध नुसते वाचत जा आणि वारंवार येणाऱ्या तीन चुका बाजूला टिपा. दुसऱ्या दिवशी त्या फळ्यावर लिहा. आपली चूक शोधून दुरुस्ती मुलांनीच करायची. शिवाय शेरा आणि गुण दोन्ही कशाला? शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या 1988 च्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. जोडीला गुण दिले तिथे तो फायदा दिसला नाही.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. नवे शिक्षक टिकत नाहीत आणि पगार वाढवणं माझ्या हातात नाही.

वेळापत्रक तर आहे? नव्यांना काय मिळतं ते बघा : सगळ्यात दंगेखोर वर्ग, कुणालाच नको असलेले विषय, वर बदली तास. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार प्राथमिक शिक्षकांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण जगभरात 2015 मध्ये 4.6 टक्के होतं, 2022 मध्ये ते 9 टक्क्यांवर गेलं. पहिल्या वर्षी तासिका कमी द्या, त्याच विषयाचा अनुभवी शिक्षक जोडीला द्या आणि दोघांचा ऑफ तास एकाच वेळी ठेवा. नाहीतर ती जोडी कागदावरच राहते. नवी नोंदवही सुरू करायची असेल, तर आधी एक जुनी बंद करा.

प्रश्न : ताण घालवायला शाळेनं ध्यानशिबिर ठेवलंय. उपयोग होईल?

थोडा. सुट्टीच्या दिवशी असेल तर तेही नाही. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं पार थकून जाण्याला, आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हणते. मग उपायही कामातच हवा ना!

प्रश्न : बारा वर्षांनी राजीनामा द्यावासा वाटतोय.

वर्गात शिरल्यावर अजून बरं वाटतं का? वाटत असेल, तर पेशा सोडण्याआधी शाळा बदलून बघा. मोठ्या सुट्टीनंतरही वर्ग नकोसाच वाटत असेल, तर खुशाल सोडा. शक्यतो वर्षअखेरीस सोडा, मध्येच गेलात तर तुमचे तास सहकाऱ्यांच्याच गळ्यात पडतील.