पाहिलेले आधी, मत नंतर

नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी टिपणांची वही वाचून काढली. रोज रात्रीची मालिका, रविवारी पाहिलेला चित्रपट, एखादे गाजणारे गाणे आणि वर्तमानपत्रातली खगोलशास्त्राची बातमी, या सगळ्यांवर तू सारख्याच उत्साहाने लिहितेस, याचा मला मनापासून आनंद झाला. मनोरंजनावर लिहिणे हलके आणि विज्ञानावर लिहिणे भारदस्त, असा भेद मी कधी मानला नाही. माझी अडचण निराळी आहे. ‘भन्नाट’, ‘रटाळ’, ‘डोक्यावरून गेले’, ‘अंगावर काटा आला’ हे शब्द वाचून तुला काय वाटले ते मला कळते, परंतु तू काय पाहिलेस ते कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय तुझ्याशी सहमत होणे किंवा वाद घालणे, दोन्ही मला जमत नाही.

‘झुंड’वरचे तुझे टिपण घे. 2022 साली आलेला नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आपल्या शहरात चित्रित झाला, गड्डीगोदामची वस्ती आणि इथल्या पोरांची बोली मोठ्या पडद्यावर आली, म्हणून तो आवडला असे तू लिहिले आहेस. हा आनंद खरा आहे आणि तो लपवण्याचे काही कारण नाही. तथापि, ज्याने गड्डीगोदाम कधी पाहिलेले नाही अशा सांगलीच्या वाचकाला या टिपणातून काय मिळेल? नागपुरात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी भर पावसात काही मुलांना फुटक्या बादलीशी फुटबॉल खेळताना पाहिले आणि त्यातून पुढे वस्तीतल्या मुलांसाठी संघटना उभी राहिली, ही चित्रपटामागची हकिगत तू एका ओळीत सांगितली असतीस तरी त्या वाचकाला आत यायला वाट मिळाली असती.

याच टिपणात ‘उत्तरार्ध उगाच लांबवला आहे’ एवढे एकच वाक्य लिहून तू पुढे गेली आहेस. उत्तरार्धात काय घडते ते आठव. खेळाचा चित्रपट असूनही तिथे चेंडू बराच वेळ दिसत नाही. एक बाप आपल्या मुलीला घेऊन पासपोर्टसाठी लागणाऱ्या कागदांपायी दारोदार फिरतो, आणि आपण इथले आहोत हे सिद्ध करायला त्यांच्यापाशी एकही कागद नसतो. माझ्या मते चित्रपटाचा प्राण तिथेच आहे, कारण मैदानात जिंकणे या मुलांना जमते, पण मैदानापर्यंत पोहोचू देणारे दार कोणीतरी दुसराच उघडतो. तुला तो भाग लांबलेला वाटत असेल तर खुशाल लिही, चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे हे मलाही मान्य आहे. मात्र कोणते दृश्य काढावे आणि ते काढल्यास काय हातचे जाईल, हेही लिही. असे मत माझ्या मताच्या अगदी उलट असले तरी मी ते आदराने वाचीन.

मालिकांच्या बाबतीत तू निकाल फारच लवकर देतेस. निवडक घरांतल्या मीटरवरून ‘बार्क’ ही संस्था दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे काढते, आणि त्या आकड्यांकडे पाहून एखादे लग्न महिनाभर लांबते किंवा एखादे पात्र अचानक परगावी जाते, हे ध्यानात ठेवले तर ‘कथानक भरकटले’ याच्या पुढे काहीतरी सांगण्यासारखे सापडते. एक प्रयोग सुचवतो. एखादा भाग आवाज पूर्ण बंद करून पाहा. सासूने एक वाक्य उच्चारल्यावर कॅमेरा किती चेहऱ्यांवरून फिरतो, त्यांतले किती चेहरे नुसतेच डोळे विस्फारतात, आणि पुढचे वाक्य येईपर्यंत किती वेळ जातो, ते मोज. त्यानंतर ‘रटाळ’ हा शब्द लिहावाच लागणार नाही, कारण ते मोजमाप वाचणाऱ्याला स्वतःच कळेल.

आणखी एक विषय तुझ्या हाताशी असूनही तू त्याला स्पर्श केलेला नाहीस. ‘चला हवा येऊ द्या’मधून भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली महाराष्ट्रभर घरोघरी नेली आणि आपल्याकडे त्याचा अभिमान वाटला, तो योग्यच होता. परंतु विनोदी कार्यक्रम सोडून इतरत्र पाहिले की वऱ्हाडी बोलणारे पात्र बहुधा हसवण्यापुरतेच आलेले असते, असे मला वारंवार जाणवते. न्यायाधीश, डॉक्टर, प्रेमात पडलेली नायिका यांच्या तोंडी ही बोली किती वेळा येते? महिनाभर नोंद ठेवून तू यावर लिहिलेस, तर मी ते वाचायला आतुर असेन.

आता विज्ञानाच्या बातम्यांविषयी. इथे मी अधिक आग्रही आहे. एका शोधाबद्दल ‘मला काही हे पटत नाही बुवा’ असे तू मालिकेच्या सुरातच लिहिले आहेस. मालिका आवडणे न आवडणे सर्वस्वी तुझ्या हाती आहे, पण निसर्गाला तुझी किंवा माझी पसंती विचारायची नसते. सप्टेंबर 2011 मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून सुमारे 730 किलोमीटरवरच्या इटलीतल्या प्रयोगशाळेकडे गेलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे 60 नॅनोसेकंद आधी पोहोचले, अशी बातमी आली होती. प्रकाशापेक्षा वेगाने काही जाऊ शकत नाही असे आइन्स्टाइन यांनी सांगितले होते, म्हणून ‘आइन्स्टाइन चुकले’ असे मथळे जगभर झळकले. प्रत्यक्षात त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच आपले मोजमाप इतरांनी तपासावे असे आवाहन केले होते, आणि 2012 मध्ये प्रकाशतंतूच्या केबलची एक जोडणी नीट बसलेली नव्हती हे उघड झाले. या प्रकरणात न्यूट्रिनोंच्या वेगावर मत देण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. शास्त्रज्ञ काय म्हणाले आणि मथळ्याने काय म्हटले, यांतील अंतरावर मत देण्याचा अधिकार मात्र पुरेपूर होता. तुझे काम त्या अंतरात आहे.

हे अंतर आपल्या अभिमानाच्या बातमीतही शोधावे लागते. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्रावर उतरले तेव्हा ते ‘दक्षिण ध्रुवावर’ उतरल्याचे सगळीकडे सांगितले गेले. उतरण्याची जागा सुमारे 69 अंश दक्षिण अक्षांशावर आहे, म्हणजे प्रत्यक्ष ध्रुव तिथून सहाशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. ध्रुवाच्या इतक्या जवळ तोवर कोणतेही यान अलगद उतरले नव्हते, त्यामुळे नेमके सांगितल्याने त्या यशाला तसूभरही उणेपणा येत नाही. वेब या अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांबद्दल तू ‘खरे रंग’ असे लिहिले आहेस, तेही दुरुस्त कर. ती दुर्बीण मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते आणि रंग नंतर तरंगलांबीच्या क्रमाने नेमून दिले जातात.

पुढचे टिपण कशावर लिहावे असे तू विचारले आहेस. 2 एप्रिल 2022 हा गुढीपाडव्याचा दिवस होता. त्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून पेटत्या तुकड्यांची एक रांग सरकत गेली आणि नागपुरातही अनेकांनी ती मोबाइलवर टिपली. कोणी तिला उल्कावर्षाव म्हटले, कोणी विमान कोसळले असे समजले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे पडलेले सापडले, आणि तो चिनी रॉकेटचा अवशेष असावा असा निष्कर्ष खगोल अभ्यासकांनी काढला. तुझ्या घरात आणि शेजारी हे दृश्य पाहिलेली माणसे नक्की असतील. तुकडे किती होते, कोणत्या दिशेने गेले, आवाज आला का, आणि त्या क्षणी ते काय आहे असे वाटले, हे प्रत्येकाला वेगवेगळे विचार आणि उत्तरे जशीच्या तशी उतरवून घे. उल्का सेकंदा-दोन सेकंदांत विझते आणि रॉकेटचा अवशेष मात्र आकाश ओलांडायला बराच वेळ घेतो, एवढे लक्षात ठेवून ती उत्तरे पुन्हा वाच आणि मग लिहायला बस.

तुझ्या लेखनाची वाट पाहणारा,
तुझा शुभचिंतक