मेरीवरच्या प्रबंधात ‘ज्ञान’ हा शब्द जपून वापरा

तुम्ही लिहिलंय की एम.ए.च्या प्रबंधात तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सनच्या विचारप्रयोगातली मेरी घेतली आहे आणि ‘मेरीला नवं ज्ञान मिळतं, म्हणून भौतिकवाद खोटा’ या वाक्यापुढे गाडी सरकत नाही. (भौतिकवाद म्हणजे जे काही आहे ते सगळं भौतिकच, हे मत.) वाचून पोटात गोळाच आला. माझा प्रबंध याच वाक्याने अडवला होता.

काळ्या-पांढऱ्या खोलीत बसून रंगदृष्टीचं सगळं विज्ञान शिकलेली मेरी बाहेर येऊन पहिल्यांदाच लाल टोमॅटो बघते, ते काही पुन्हा सांगत नाही. माझी चूक एका शब्दाची होती. मी सगळीकडे ‘ज्ञान’ लिहिलं. एरवी बोलताना आपण असा घोळ करत नाही: पत्ता माहीत असतो, पोहता येतं, माणसाशी ओळख असते. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसने जॅक्सनला १९८८मध्ये दिलेलं उत्तर ‘येतं’मध्ये बसतं: मेरीला लाल ओळखता येऊ लागतो, मनात आणता येऊ लागतो, बस. अर्ल कोनी या तत्त्वज्ञाचं उत्तर ‘ओळख’मध्ये: मेरीची लाल रंगाशी ओळख होते. जॅक्सनच्या युक्तिवादाला मात्र ‘माहीत’च लागतं, कारण मेरीला माहीत नसलेलं एखादं तथ्य उरलं तरच भौतिकवाद अडचणीत येतो. हे मला शेवटच्या प्रकरणात उमगलं.

मग शीर्षकातल्या ‘ज्ञाना’चं ‘तथ्य’ करायला अर्ज दिला. एका शब्दासाठी! कार्यालयाने तो तीनदा परत केला: एकदा नमुना जुना म्हणून, एकदा समितीची बैठक होऊन गेली म्हणून, तिसऱ्यांदा कारणच दिलं नाही. सत्र वाया गेलं. अजून संताप होतो. शीर्षक मोघमच ठेवा. (नियम सगळीकडे सारखे नसतात, आपल्याकडे विचारून घ्या.)

माझं मत विचाराल तर लुईस अपुरा पडतो. रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डावर शेजारशेजारच्या दोन लाल छटा बघा. समोर असताना फरक स्पष्ट दिसतो; कार्ड मिटलं की कुठली कुठली ते सांगता येत नाही. क्षमता टिकली नाही, पण बघताना ती छटा कशी दिसते ते कळलं होतंच ना? मला तत्त्वज्ञ ब्रायन लोअर पटतो: तथ्य जुनंच, ते पकडणारी संकल्पना नवी. तुमच्या मार्गदर्शकांना हे पटेलच असं नाही.

आणि ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या भारतातल्या उपक्रमात शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेली अंध मुलं पुरावा म्हणून आणू नका. तिथला प्रश्न सतराव्या शतकातल्या विल्यम मॉलिन्यूचा आहे, हाताने ओळखलेला आकार नजरेला लगेच ओळखू येतो का, हा. त्या मुलांना मेरीसारखं सगळं विज्ञान आधी ठाऊक नव्हतं.

जॅक्सनने पुढे स्वतःच ‘भौतिकवाद खोटा’ हा निष्कर्ष सोडला, ते तळटीपेत ढकलू नका. तोंडी परीक्षेत मला पहिला प्रश्न तोच आला होता.