सगळ्यांनी नुसती विहीर वाचली!

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहून इंग्रजीत लिहिणारी मराठी माणसं हल्ली माझ्याकडे ऑनलाइन समुपदेशनाला येतात. गाऱ्हाणं ठरलेलं: "कादंबरी पूर्ण झाली, पण एजंट दाद देत नाहीत. माझ्यात लेखक नाहीच का?" आपल्याकडे हस्तलिखित थेट प्रकाशकाच्या हातात देता येतं. तिकडचे बहुतेक मोठे प्रकाशक एजंटमार्फत, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक विकणाऱ्या मध्यस्थामार्फत, आलेलंच बघतात, म्हणून तो नकार फार लागतो.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या एक बाई याच तक्रारीने आल्या. (परवानगीने, तपशील बदलून लिहितेय.) आयटीतली नोकरी, चाळिशी उलटलेली, कोकणातल्या घराण्यावरची १,९०,००० शब्दांची कादंबरी. एका वेळी एकाच एजंटला पाठवायचं, महिनोन्‌महिने वाट बघायची, नकार आला की घरात अबोला.

"मॅडम, ते म्हणतात मला लिहिता येत नाही."

"कोण म्हणतं? मेल वाचून दाखवा."

त्यांनी वाचला. आमच्या यादीत बसत नाही, शुभेच्छा. मग दुसरा वाचायला लावला, मग तिसरा. तिसऱ्याला त्या मध्येच थांबल्या. "सगळ्यांत तेच आहे, हो."

"तुमच्याबद्दलचं मत असतं, तर तिघांनी तेच शब्द वापरले असते?"

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. नकारापेक्षा त्याला आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मी रोज बघते. पण बरेच समुपदेशक इथे धीर देऊन मोकळे होतात, ते मला पटत नाही. नकाराला कारण असेल तर तेही शोधायला हवं.

पहिल्या कादंबरीला तिकडे साधारण ८०,००० ते १,००,००० शब्द चालतात, फॅन्टसीला थोडे जास्त. जाड पुस्तकाला कागद जास्त, किंमत जास्त. नवख्या नावावर ती जोखीम कोण घेणार? एजंटला कादंबरीची ओळख करून देणाऱ्या पत्रात शब्दसंख्या द्यावीच लागते, आणि १,९०,००० दिसलं की बरेच जण पान न उघडताच समजतात, हिने काटछाट केलेली नाही.

बाई उखडल्या. "एक शब्द काढता येणार नाही!"

मी वाद घातला नाही. "पहिल्या दहा पानांत काय घडतं?"

"आजीचं घर आहे. पडवी, माजघर, विहीर..."

"घडतं काय?"

"घडतं ते पुढे. वाटणीचा कागद सापडतो तिथून."

"कितव्या पानावर?"

त्या फाइल खाली सरकवत राहिल्या. बराच वेळ. "सत्तेचाळीस."

"आणि एजंट किती पानं मागतात?"

"पाच. फार तर दहा." मग त्यांना हसूच फुटलं. "म्हणजे मॅडम, सगळ्यांनी नुसती विहीर वाचली!"

हेच मी सांगितलं असतं तर त्यांनी पुढची वेळच घेतली नसती. निष्कर्ष समोरच्याच्या तोंडून काढून घेणं मला जमतं, असं म्हणायला हरकत नाही. एक मात्र मला त्या दिवशी उमगलं: ती सुरुवातीची पानं वाचकासाठी नव्हतीच, परदेशात ते घर विसरू नये म्हणून लिहिलेली होती. "पुसू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा," म्हटल्यावर कात्री भराभर चालली. १,०६,००० वर आल्या.

पत्राचा पहिला परिच्छेद माफीचा होता: मी लेखिका नाही, इंजिनीअर आहे, पुस्तक जरा मोठं आहे. तो उडवला. पत्र एका पानाचं, तीनशे शब्दांच्या आसपास असावं. गोष्ट कोणाची, तिला काय हवंय, आड काय येतंय. मग कादंबरीचा प्रकार, शब्दसंख्या, गेल्या चार-पाच वर्षांतली एक-दोन मिळतीजुळती पुस्तकं, स्वतःबद्दल दोन ओळी. एकदम सात-आठ जणांना पाठवा. यात बेइमानी नाही, तिकडची रीतच आहे; फक्त एकाच एजन्सीतल्या दोघांना एकदम नको. कोणीच पुढची पानं मागितली नाहीत, तर पत्र आणि सुरुवात बदलून पुढची तुकडी. पूर्ण हस्तलिखित मागवून नकार येत असेल, तर दुखणं कादंबरीत आहे.

बाईंकडे दोघांनी पूर्ण हस्तलिखित मागवलंय. होकार अजून नाही, झोप मात्र लागते. परवा मेसेज आला, एक एजंट वाचनाची फी मागतोय, भरू का? मी लिहिलं, अजिबात नाही. खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावर कमिशन घेतो, अमेरिकेत सहसा १५ टक्के. आधी पैसे मागणाऱ्याला उत्तरसुद्धा देऊ नका.