दीड लाखाच्या वर रनिंग झालेल्या वॅगनारला कोणतं ऑईल?

तुमचं दुखणं थोडक्यात असं: २०११ ची पेट्रोल वॅगनार, एक लाख साठ हजार रनिंग, साताऱ्यात रोजचं येणंजाणं आणि अधूनमधून पुणे. दोन हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर ऑईल कमी होतं आणि सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. मिस्त्री म्हणतो २०डब्ल्यू-५० (हे ऑईलच्या दाटपणाचे ग्रेड) टाका, सर्व्हिस सेंटर म्हणतं ५डब्ल्यू-३० सोडून काही टाकू नका, आणि दुकानदार तिसराच डबा पुढे करतो.

आधी उत्तर देतो. या वेळी १०डब्ल्यू-४० टाका, एपीआय (अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची दर्जाची खूण) एसएन किंवा एसपी दर्जाचं, सेमी सिंथेटिक चालेल. २०डब्ल्यू-५० आत्ता नको. पण त्याआधी ऑईल जातं कुठे ते बघा. रनिंग किती झालं यावरून ऑईल ठरवायचं नसतं, ते इंजिनाच्या तब्येतीवरून ठरतं. दोन लाख झालेलं पण वेळच्या वेळी ऑईल बदललेलं इंजिन ५डब्ल्यू-३० वर मजेत चालतं, आणि ऐंशी हजारांत पिस्टनच्या रिंगा गेलेल्या गाड्याही गॅरेजमध्ये रोज दिसतात.

निळ्या धुराची वेळ नीट बघा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना एक झुळूक निघून धूर थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. ही रबरी सीलं वयाने कडक होतात आणि वरचं ऑईल रात्रभर थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरतं. याचीच दुसरी परीक्षा पुण्याला जाताना होईल. खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, तेव्हा इनटेकमध्ये निर्वात वाढतो आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून ऑईल आत ओढलं जातं. उतार संपल्यावर पाय दाबला की धुराचा लोट निघतो. मागच्या गाडीत ओळखीचं कुणी असेल तर त्याला बघायला सांगा. स्वतः आरशात बघत बसू नका, तिथलं वळण तसल्या प्रयोगाचं नाही. याउलट चढावर, भरल्या गाडीत, पाय दाबलेला असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेली.

खात्री करायची तर मिस्त्रीकडून कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) काढून घ्या, कोरडं आणि ओलं दोन्ही. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजल्यावर आकडा चांगलाच वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण त्या ऑईलने तेवढ्यापुरती फट भरली. फारसा फरक पडला नाही तर रिंगांवरचा संशय कमी. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हेही बघायचं.

त्याच दिवशी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या खालच्या भागातला, म्हणजे क्रँककेसमधला वायू इनटेकमध्ये सोडणारी झडप) काढून हलवून बघा. खळखळ आवाज आला नाही तर तो चिकटलाय. स्वस्त भाग आहे, पण लक्ष कुणाचंच नसतं. तो बंद पडला की क्रँककेसमधला दाब बाहेर जायला वाट राहत नाही. मग तो सीलांतून आणि टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑईल बाहेर ढकलतो आणि आपण इंजिन म्हातारं झालं असं म्हणतो. नुसता हा व्हॉल्व्ह बदलून ऑईलचा खप निम्म्यावर आलेला मी पाहिलाय.

आता ग्रेडकडे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. १०डब्ल्यूची पंपातून वाहण्याची चाचणी उणे ३० अंशांना होते आणि २०डब्ल्यूची उणे २० ला. महाबळेश्वरच्या कडाक्याच्या पहाटेलाही त्यातलं काही लागत नाही, म्हणून लोक म्हणतात की आपल्याकडे पहिला आकडा निरर्थक. तसं नाही. ४० अंश सेल्सिअसला साधारण ५डब्ल्यू-३० चा दाटपणा साठेक सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) असतो, तर २०डब्ल्यू-५० चा दीडशेच्या वर. तुमच्या अंगणातली सकाळ ४० पेक्षा बरीच गार, म्हणजे तिथे दोन्ही आणखी दाट. इंजिनाची झीज सुरू होताना जास्त होते, वर कॅमपर्यंत ऑईल पोचेपर्यंतच्या त्या थोड्या वेळात. तुमच्या के-सिरीज इंजिनात टायमिंग चेन आहे आणि तिचा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. सुरू होताना क्षणभर खडखड ऐकू येत असेल तर काकवीसारखं ऑईल घालून ती आणखी लांबेल.

दुसरा आकडा १०० अंशांचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० त्याच्या पुढे २१.९ पर्यंत. पट्टे रुंद आहेत, त्यामुळे वरच्या टोकाचं ३० आणि खालच्या टोकाचं ४० जवळजवळ सारखंच. बेअरिंगसाठी मात्र दुसरं एक माप जास्त कामाचं: १५० अंशांना, जोरात घासलं जाताना ऑईलचा थर किती टिकतो. तिथे ३० ला किमान २.९ चालतं, १०डब्ल्यू-४० ला ३.५ लागतं आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७. मे महिन्यात एसी लावून चार माणसांसह घाट चढताना हा फरक उपयोगी पडतो. म्हणून तुमच्यासारख्या थोडं ऑईल खाणाऱ्या इंजिनाला एक पायरी दाट जाणं मला पटतं. दोन पायऱ्या नाही.

ऑईल कमी होण्याचं एक कारण दाटपणापेक्षा वेगळंही असतं. गरम ऑईलचा हलका भाग वाफ होऊन पीसीव्हीमार्गे जळून जातो. २५० अंशांना तासभर ठेवून किती टक्के वजन उडालं, याची नोॲक नावाची चाचणी असते. पातळ ग्रेडच्या सध्याच्या अमेरिकी मानकात १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, युरोपच्या ए३/बी४ या मानकात १३. म्हणून डब्यावर ए३/बी४ लिहिलेलं ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक परवडत असेल तर ते १०डब्ल्यू-४० पेक्षाही चांगलं. पण जे ऑईल जळतंच आहे, त्यावर महागडा डबा ओतायला माझा हात धजत नाही.

गाडीचं मॅन्युअल अजून असेल तर ऑईलचं पान उघडा. अनेक जुन्या मॅन्युअलमध्ये एकच ग्रेड नसते, तापमानाच्या पट्ट्यांनुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो. सर्व्हिस सेंटरला ड्रममधलं एकच ऑईल सगळ्यांना घालायचं असतं, म्हणून ते त्यातली एकच सांगतात.

१५डब्ल्यू-४० घ्यायची वेळ आली तर डबा वाचून घ्या. दुकानात या ग्रेडचे बरेच डबे डिझेलचे असतात, त्यावर सीआय-४ किंवा तत्सम लिहिलेलं असतं. पेट्रोल गाडीला एस ने सुरू होणारी खूण हवी: एसएल २००१ ची, एसएम २००४ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. नवी खूण जुन्या पेट्रोल इंजिनाला चालते, उलटं नाही. बाईकचं ऑईल उरलंय म्हणून टॉपअपला वापरू नका.

सिंथेटिक टाकलं की जुनी गाडी गळायला लागते, ही भीतीही तुम्ही लिहिली आहे. ऑईल काही सीलांना खात नाही. आधीच चिरलेल्या सीलवर काजळीचा थर बसलेला असतो आणि चांगल्या ऑईलमधलं डिटर्जंट तो धुऊन काढतं, मग जुनी गळती उघडी पडते. जास्त रनिंगच्या गाड्यांसाठी म्हणून जी ऑईलं मिळतात, त्यात सील थोडी मऊ आणि फुगीर करणारी द्रव्यं असतात. किरकोळ पाझर असेल तर त्यांचा फायदा होतो. झिजलेली रिंग मात्र कुठल्याही डब्याने भरून येत नाही.

डिझेल किंवा रॉकेल घालून फ्लशिंग करू देऊ नका. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटतो आणि इंजिनाखालच्या ऑईल चेंबरमधल्या जाळीत अडकतो. जाळी तुंबली की पंपाला ऑईल मिळत नाही आणि मग हाफ इंजिनच्या (इंजिन खोलून दुरुस्तीच्या) खर्चावर विषय जातो. फिलर कॅप काढून टॉर्चने बघा. आत काळा चिकट थर असेल तर चांगलं ऑईल घालून पुढचे दोन-तीन बदल तीन-चार हजार किलोमीटरवर करा, दर वेळी फिल्टरसह. हळूहळू साफ होतं. कॅपखाली पावसाळ्यात थोडा पांढरट फेस दिसला तर घाबरू नका, छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि ओलावा साचतो. डिपस्टिकवरही तसंच दुधाळ दिसलं आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र गाडी थांबवून हेड गॅस्केट तपासा.

तुमच्या इंजिनात साधारण तीनच लिटर ऑईल असतं, हे विसरू नका. त्यातलं पाऊण लिटर गेलं म्हणजे पाव भाग गेला. ग्रेडवरून वाद घालणाऱ्या कितीतरी गाड्या शेवटी कोरड्या डिपस्टिकने मेल्या आहेत. दर पाचशे किलोमीटरला, सपाट जागी, गाडी बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि आकडा वहीत लिहा. खुणेच्या वर भरू नका, क्रँक ऑईलला लागला की फेस होतो आणि दाब पडतो.

ऑईल इंडियन ऑईल, एचपी किंवा भारत पेट्रोलियमच्या पंपावरून घ्या किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट. सर्वो किंवा मॅक सुद्धा या गाडीला पुरेसं आहे, डब्यावरची ग्रेड आणि एपीआय खूण बरोबर असली म्हणजे झालं. रिकामा डबा भोक पाडूनच टाका, अखंड डबे नकली ऑईल भरणाऱ्यांकडे जातात.

आता क्रम सांगतो. आधी पीसीव्ही आणि कंप्रेशन. रिंगा ठीक निघाल्या तर व्हॉल्व्ह सील बदलून घ्या, हेड न उतरवता सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन ते काम करणारे मिस्त्री मिळतात. मग १०डब्ल्यू-४० आणि नवा फिल्टर. दोन हजार किलोमीटरनंतरही खप तसाच राहिला तर १५डब्ल्यू-४०. रिंगा गेल्या असतील आणि इंजिन खोलायचं नसेल, गाडी वर्ष-दोन वर्षं ओढायची असेल, तर तुमच्या मिस्त्रीचं २०डब्ल्यू-५० तेव्हा बरोबर ठरेल. कंप्रेशनचे तिन्ही आकडे मिळाले की इथे टाका, मग पुढचं बोलू.