बाहेरच्या अलॉयला व्हॉल्व्ह घेताना

गाडीला कंपनीचे सोडून बाहेरचे अलॉय व्हील घेतलेत, छान केलंत. आता व्हॉल्व्ह, म्हणजे टायरमध्ये हवा भरायचं तोंड, निवडणं दुकानदारावर सोडू नका बघा. आधी रिमचं व्हॉल्व्हसाठीचं भोक व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजा. बहुतेक कारला ते 11.5 मिमीच्या आसपास असतं, काही रिमना जवळपास 16. माप चुकलं की व्हॉल्व्ह बुडाशी हवा सोडतो.

11.5 च्या भोकाला रबरी व्हॉल्व्ह घ्या, टीआर 413 किंवा 414 नंबरचा. 414 थोडा लांब असतो. 413 चं टोक रिममध्ये बुडून हवेची नळी धरत नसेल तरच 414 घ्या. उगाच लांब नको: वेगात चाक फिरताना दांडा बाहेर झुकतो आणि बुडाचं रबर चिरतं. रबरीची हवेच्या दाबाची मर्यादा 65 पीएसआय असते, तुमच्या टायरच्या 30-35 ला ती भरपूर आहे. सुरुवातीला हेच घ्या.

धातूचेच हवे असतील तर भोकाभोवतीची जागा सपाट हवी. नट अति आवळला की वॉशर कापला जातो. ॲल्युमिनियमच्या दांड्यात साधी पितळी पिन (हवा आत अडवणारा आतला भाग) घालू नका. बेळगाव-खानापूरच्या पावसात दोन धातू एकमेकांना खातात आणि पिन जाम होते. निकेल चढवलेली मागा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- टायर नवा, व्हॉल्व्ह मात्र जुनाच.
- टोपणाशिवाय गाडी चालवणं. चिखल थेट पिनेवर बसतो.
- बसवल्यावर न तपासणं.

बुडाला साबणाचं पाणी लावा आणि दांडा अंगठ्याने हळूच आडवा दाबा. बारीक फेस फुगू लागला तर तिथेच दुसरा बसवून घ्या. हवेचा दाब मोजणारे सेन्सरवाले व्हॉल्व्ह नंतर बघू.