पहिली एअर रायफल घेतोस तं हे ऐकून घे

भाऊ, स्कोपबिप नंतर पाहू, आधी बिनाछर्र्याचा ट्रिगर दाबायची खोड सोड. माझी पहिली ४.५ मिमीची ब्रेक बॅरल, म्हणजे नळी वाकवून स्प्रिंग दाबायची रायफल, सेकंडहँड, दस्त्याला तडा, त्यावर बाबांनी सायकलची ट्यूब गुंडाळून दिली होती, अन् मी दिवसभर रिकामीच ठकठक करायचो, महिनाभरात हवा अडवणारं सील गेलं, कारण पुढे छर्रा नसला तं हवा ढकलणारं पिस्टन सरळ जाऊन आदळते. छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत, असल्या रायफलीला लायसन्स लागत नाही, पण म्हणून मोहल्ल्यात मिरवू नको, रेंजवर जा. १० मीटरवरच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असते बाप्पा! अन् पिस्टनच्या सिलिंडरमध्ये किचनमधलं तेल टाकू नको, मी टाकलं होतं, सोयाबीनचं.