गणवेशाची बटणं सोडा, तोफ मागे जाते का ते बघा

प्रश्न असा आहे: वॉटर्लू, क्रिमिया अशा १९व्या शतकातल्या युरोपीय लढायांवरचे चित्रपट इतिहासाला कितपत धरून असतात? आणि गणवेश, झेंडे, हत्यारं बरोबर दाखवली की चित्रपट अचूक म्हणायचा का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही. गणवेश हा सगळ्यात सोपा भाग. पैसे टाकले की शिंपी मिळतो, नमुने संग्रहालयात टांगलेलेच आहेत. अवघड आहे ती तोफ. माझी नोकरी तोफखान्यात झाली, तेव्हा मी एकांगी बोलणार हे धरूनच चाला. पायदळाला निशाण असतं, आमचं निशाण म्हणजे तोफच. ती पडद्यावर दिवाळीच्या फटाक्यासारखी वापरलेली दिसली की मला गप्प बसवत नाही.

पहिली खूण सांगतो. बत्ती दिल्यावर तोफ मागे जाते का बघा. त्या काळच्या तोफेला धक्का गिळणारी कुठलीही यंत्रणा नव्हती. ती मैदानी तोफेत नीट आली १८९७च्या फ्रेंच ७५ मिलिमीटरमध्ये. त्याआधी प्रत्येक बाराला अख्खा गाडा काही पावलं मागे यायचा. तो माणसांनी ढकलून परत जागेवर आणायचा, ओल्या बोळ्याने नळी पुसायची, कारण आत ठिणगी राहिली तर दारू भरणाऱ्याचे हात जायचे. मग दारू, गोळा, ठासणी, नेम, बत्ती. मिनिटाला दोनेक बार झाले तर तुकडी चांगली. चित्रपटात नळीत नुसती दारू असते, पुढे गोळा नसतो, म्हणून धूर भरपूर निघतो आणि तोफ जागची हलत नाही. शेजारी उभे असलेले लोकही निवांत. दहा मिनिटं तोफ चालवलेल्या माणसाची जी दशा होते ती त्यांच्या तोंडावर कुठेच नसते.

आता खरा मुद्दा, ज्यावरून आमच्या घरात काही वर्षं धुसफूस चालू आहे.

आमचे साडू इतिहासाचे निवृत्त शिक्षक. माणूस वाचलेला आहे, पण शिकवायची सवय सुटलेली नाही. त्यांच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघात ते महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतात. त्यांनी १९७० सालचा ‘वॉटर्लू’ लावला आणि आम्हां दोघांना आग्रहाने बोलावलं. सुरुवातीला अर्धा तास भाषण. दिग्दर्शक सेर्गेई बोंदारचुक, सुमारे १५ हजार खरे सोव्हिएत सैनिक, युक्रेनमध्ये उझहोरोदजवळ टेकड्या सपाट करून उभं केलेलं रणांगण, चिखल व्हावा म्हणून जमिनीखालून टाकलेले पाण्याचे पाइप. इथपर्यंत सगळं खरं. मग गणवेशांवर गाडी आली. कोणत्या पलटणीची टोपी कशी, तुरा कोणत्या रंगाचा. स्कॉट्स ग्रेज रिसाल्याची ती प्रसिद्ध दौड १८८१च्या एका चित्रावरून कशी हुबेहूब उचलली आहे, हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. लढाईनंतर ६६ वर्षांनी काढलेल्या चित्राशी जुळणं म्हणजे अचूकता, हे मला तिथेच खटकलं होतं. पण पाहुणा म्हणून गेलो होतो.

चित्रपट सुरू झाला, लढाई सुरू झाली. गोळा पडला की जमिनीतून आगीचा आणि मातीचा फवारा, माणसं हवेत. पुन्हा फवारा, पुन्हा माणसं हवेत. माझ्या तोंडून जरा मोठ्यानेच निघालं, “हे खोटं आहे.” साडूंनी चित्रपट थांबवला आणि माइक हातात घेऊन म्हणाले, “आमचे साडू तोफखान्यात होते, धडाम् झालं की त्यांना राहवत नाही.” लोक हसले. आमची सौ.सुद्धा हसली. मग मी उठलोच.

मी सांगितलं ते असं. १८१५ साली मैदानी तोफेतून जे जायचं ते बहुतेक भरीव लोखंडी गोळे. ते फुटत नाहीत. फ्रेंचांची १२ पौंडी तोफ घेतली तर गोळा सहा किलोच्या आसपास. लहानपणी तळ्यावर चपट्या दगडाने भाकऱ्या खेळलो आहोत ना, तसा तो कडक जमिनीवर टप्पे घेत कमरेच्या, गुडघ्याच्या उंचीने रांगांमधून जातो. एका मागे एक उभे असलेले कितीतरी जण एकाच गोळ्याने जातात. मारतो तो टप्पा, स्फोट नाही. हे एकदा कळलं की १८ जून १८१५चा दिवस उलगडायला लागतो. आदल्या रात्रभर पाऊस. ओल्या शेतात गोळा पडला की रुततो, टप्पा घेत नाही. त्यात चिखलातून तोफांचे गाडे जागेवर न्यायचे म्हणजे घोड्यांचे हाल. म्हणून तोफखान्याचा जनरल ड्रूओ याने नेपोलियनला जमीन वाळेपर्यंत थांबायचा सल्ला दिला. लढाईला तोंड लागलं ते साडेअकराच्या सुमारास. संध्याकाळी इंग्रजांच्या मदतीला प्रशियन (जर्मन) फौज पूर्वेकडून घुसली तेव्हा तेच सकाळचे तास अंगाशी आले. पुढे ड्रूओ स्वतःला दोष देत राहिला. आणि समोरच्या इंग्रज फौजेचा सेनापती वेलिंग्टन, त्याने आपलं बहुतेक पायदळ उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर का ठेवलं, आडवं का झोपवलं? टप्पे घेणारे गोळे डोक्यावरून जावेत म्हणून. त्यांच्यासमोर सुमारे ८० फ्रेंच तोफा एका जागी मांडलेल्या होत्या.

म्हणजे बघा, चित्रपटवाल्यांनी चिखलासाठी पाइप टाकले, जमीन ओली असल्याचा उल्लेखही घेतला आणि पुढे प्रत्येक गोळा फोडून त्या चिखलाचा अर्थच घालवला. फुटणाऱ्या गोळ्याला जमीन ओली काय आणि वाळकी काय, फारसं अडत नाही. नुसता बघणारा विचारणार, मग हा सकाळभर थांबला कशाला?

साडूंचं उत्तर तयार होतं. “नेपोलियनला मूळव्याध होती. त्या दिवशी घोड्यावर बसवत नव्हतं, म्हणून उशीर.” सगळे पुन्हा हसले, दोघा-तिघांनी मान डोलावली, एकाने आपला अनुभव सांगितला. तिथून चर्चा औषधांवर गेली ती परत आलीच नाही. वडे आले, चहा आला, उरलेला चित्रपट कोणी पाहिला नाही. मूळव्याधीची गोष्ट चटकदार आहे, पण तिचा पुरावा फार पातळ आहे. चिखल मात्र दोन्ही बाजूंच्या शेकडो माणसांनी पाहिला, तुडवला, लिहून ठेवला. इतिहासाच्या शिक्षकाने कशाला जास्त मान द्यायचा हे मी सांगायला नको.

मला तो विषय एवढा का झोंबतो, तर ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो वेलिंग्टन आमच्या भागातून गेलेला माणूस आहे. २३ सप्टेंबर १८०३, असई, आजचा जालना जिल्हा. समोर शिंदे-भोसल्यांची फौज आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या तोफा. त्याच्या स्वतःच्या फौजेतले जवळजवळ एक तृतीयांश लोक त्या दुपारी मेले किंवा जखमी झाले, ते मुख्यतः तोफांनी. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर त्याच तोफा वळवून त्यांच्या पाठीवर डागल्या. इतक्या लढाया मारलेला हा माणूस म्हातारपणीही असईच सगळ्यात वरती धरायचा. वॉटर्लूला माणसं उताराआड झोपवण्याची अक्कल त्याला असईच्या मैदानात आली असणार, असं माझं मत आहे. साडूंना मान्य नाही. ते म्हणतात ती त्याला स्पेन-पोर्तुगालमध्ये आली. असेल, पण उघड्यावर तोफेसमोर उभं राहणं म्हणजे काय, हे त्याने आधी इथेच पाहिलं होतं.

बाकीच्या चित्रपटांबद्दल थोडक्यात.

२०२३चा रिडली स्कॉटचा ‘नेपोलियन’. पिरॅमिडवर तोफ डागणं, मारी आंत्वानेतच्या वधाला नेपोलियन हजर असणं, शेवटी वेलिंग्टनशी भेट (ते दोघे आयुष्यात कधी भेटले नाहीत), यावर जगाने लिहून झालंय. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. वॉटर्लूला एका तोफखाना अधिकाऱ्याने नेपोलियन टप्प्यात दिसतोय म्हणून बार टाकायची परवानगी मागितली आणि वेलिंग्टनने नाकारली, असा एक जुना किस्सा आहे. १९७०च्या चित्रपटात तो तसाच येतो. २०२३मध्ये तोफ गेली आणि तिच्या जागी दुर्बीण लावलेली रायफल घेतलेला नेमबाज आला! १८१५ साली! आमचा एवढा एक किस्सा होता, तोही नेला. आउस्टरलिट्झच्या लढाईतलं तळं तसंच. फुटलेल्या बर्फाखाली हजारो बुडाले, हे नेपोलियनच्या स्वतःच्या युद्धपत्रकाने फुगवलेलं आहे. पुढे तळी उपसली तेव्हा प्रेतं सापडली ती मोजकी. चित्रपटाने त्याच्या प्रसिद्धी खात्यावर विश्वास ठेवला. पण एक मानलं पाहिजे. तुलों बंदरावरच्या हल्ल्यात नेपोलियनच्या घोड्याच्या छातीत गोळा घुसतो, तो स्फोट न होता घुसतो. ते दृश्य बघवत नाही, आणि बरोबर आहे.

क्रिमियावर १९३६चा ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ टाळाच. त्यात १८५४ची बालाक्लावाची दौड, म्हणजे इंग्रज घोडदळाने रशियन तोफांवर घातलेली झडप, कशासाठी, तर सुरत खान नावाच्या काल्पनिक हिंदुस्थानी खलनायकावर सूड उगवायला. कानपूरच्या १८५७मधल्या घटनेसारखी कत्तल आधीच उरकून घेतली आहे. शिवाय तारांनी अडकवून घोडे पाडले, त्यात खरेखुरे घोडे मेले. याच नावाचा १९६८चा मात्र जरूर पाहा. सगळ्या पलटणींना लाल विजारी देऊन ठेवल्यात, त्या फक्त ११व्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीच्या होत्या, म्हणजे साडूंच्या परीक्षेत हा नापास. माझ्या परीक्षेत पास. इंग्रज सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच कड्यावर, त्याला रशियन लोक तोफा ओढून नेताना दिसतायत. खाली दरीत घोडदळाचा प्रमुख लुकन, त्याला त्या दिसतच नाहीत, दिसतात त्या दरीच्या टोकाच्या भलत्याच तोफा. हुकूम घेऊन आलेला नोलन बोट दाखवतो ते कुठे, कोणालाच नीट कळत नाही, आणि सुमारे ६७० घोडेस्वार चुकीच्या तोफांवर जातात. निरीक्षण चौकीवर बसलेल्या कुठल्याही तोफखानेवाल्याला विचारा, वरून जे दिसतं ते खालच्याला समजावून सांगणं हेच अर्धं काम असतं. ते या चित्रपटाने पकडलं आहे.

बोंदारचुकचाच १९६६-६७चा ‘युद्ध आणि शांती’ लांबलचक आहे, पण तूशिन नावाच्या साध्या तोफखाना कप्तानासाठी बसून राहा. तोल्स्तोय स्वतः सेवास्तोपोलच्या वेढ्यात तोफखान्याचा अधिकारी होता, ते लपत नाही.

आता थोडं मागे घेतो, नाहीतर कोणीतरी खाली येऊन शिकवेल. फुटणारे गोळे तेव्हा नव्हतेच असं नाही. हॉवित्झर नावाच्या आखूड नळीच्या तोफांमधून जायचे, वॉटर्लूलाच उगूमोंच्या वाड्याला आग लागली ती त्यांनी. पण ते थोडे असायचे, चित्रपटात सगळेच तसे असतात. आणि माणसांच्या रांगेत खरा गोळा सोडता येत नाही हे मलाही कळतं. आता संगणकावर टप्पा दाखवायला काय हरकत आहे, एवढंच म्हणणं. १९७०च्या चित्रपटात हवेतून घेतलेले पायदळाचे चौकोन आणि त्यांच्याभोवती भोवऱ्यासारखे फिरणारे फ्रेंच घोडेस्वार, तसं पुन्हा कोणाला जमलेलं नाही, हेही खरं. त्या घोडेस्वारांनी इंग्रजांच्या तोफा ताब्यात घेतल्या होत्या, पण बत्तीच्या भोकात खिळे ठोकून त्या निकामी करायचं राहिलं. घोडेस्वार ओसरले की गोलंदाज चौकोनातून बाहेर येऊन पुन्हा त्याच तोफा डागायचे. मूठभर खिळ्यांनी दुपार बदलली असती, आणि त्यावर कोणी चित्रपट काढत नाही.

तुम्ही सुरुवात १९७७च्या ‘द ड्युएलिस्ट्स’ने करा. रिडली स्कॉटचाच, त्याचा पहिला. मोठी लढाई नाही, तोफही जवळपास नाही, दोन फ्रेंच अधिकाऱ्यांचं वर्षानुवर्षं चालणारं वैर आहे. केस, मिशा, गणवेश साल बदलेल तसे बदलतात. गणवेशच बघायचे असतील तर तिथे बघा. मग १९६८चा, मग ‘वॉटर्लू’. तो बघताना घड्याळ हातात ठेवा आणि एका तोफेचे दोन बार मोजा. आणि मध्येच कोणी मूळव्याधीचा विषय काढला, तर त्याला ड्रूओ कोण होता ते विचारा. आमच्याकडे अजून उत्तर आलेलं नाही.